भिंतीवरच्या पेटीतला आल्सिद

जर्मेनच्या स्वयंपाकघरात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. लामेक बेटावरची निम्मी कोळीवस्ती तिथे दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या एसीकडे लागले होते. हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारी ती पांढरी पेटी जर्मेनच्या नवऱ्याने, आल्सिदने, मोठ्या हौसेने बसवून घेतली होती. गेल्या मे महिन्यात तो शेवंडी धरायला गेला आणि नुसती होडी सापडली.

"खिडक्या घट्ट लावा," मादाम ऑरोर म्हणाल्या. "फट राहिली तर समुद्र त्याला परत ओढून नेईल."

या बाई पलीकडच्या गावाहून येत. मेलेल्यांशी त्यांचं छान जमे. जिवंतांना मात्र त्या मध्ये बोलू देत नसत. त्यांनी बशीत सुक्या पाल्याची जुडी पेटवली. धूर झाला तसा, "धुराची घंटा वाजायला नको," म्हणत शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा सुरू केला.

आणि पेटीतून आवाज आला. गुडगुड... गुडुप... तोंडात पाणी भरलेला माणूस बोलू पाहतो, अगदी तसा.

मागे कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली. तेवढ्यात पेटीच्या कडेवरून एक थेंब ओघळला. मादामनी तो रुमालाने टिपला आणि रुमाल जर्मेनच्या ओठांना लावला. खारट!

"समुद्राचं पाणी," मादाम कुजबुजल्या. "रडतोय तो. एकटा पडलाय. नातीला बोलावतोय, म्हणून पोरीचा श्वास अडतोय. त्या पेटीला हात लावायचा नाही, उघडायची तर नाहीच. आणि औषधाचा तो फवारा बंद. तुम्ही इकडून ओढणार, तो तिकडून ओढणार, मग पोरीचं काय होईल, विचार करा."

जर्मेनने विचार केला नाही. तिने आठ वर्षांच्या नातीचा, नोएमीचा, दम्याचा फवारा कपाटाच्या खणात टाकून दिला. भीतीने तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

दोन दिवसांनी शेजारची रोझालीन ताजा कॉड मासा घेऊन आली. ती गावातल्या शाळेत शिकवत असे.

"पोरीच्या छातीत शिट्टी वाजतेय, जर्मेन. औषध दिलंस?"

"हळू बोल गं. तो ऐकतोय." जर्मेनने डोळ्यांनीच पेटी दाखवली.

"त्याच्या आतली जाळी कधी धुतली होतीस?"

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. आणि मला वेड्यात काढू नकोस. मादाम नसतानाही येतो तो. मी मासा तळायला घेतला की हमखास येतो. तळलेला कॉड म्हणजे त्याचा जीव की प्राण."

रोझालीन हसली नाही. "आणि उकडलेला?"

"उकडलेलाही ताटभर खायचा की."

"मग उकडतेस तेव्हा का येत नाही?"

जर्मेनची नजर शेगडीवरच्या पंख्याकडे गेली. तळताना ती पंखा लावत असे, उकडताना नाही. पण हा विचार पुरता व्हायच्या आत कोचावरून नोएमीची हाक आली, "मेमेर..." आजीला ती मेमेर म्हणे. पुढचा शब्द तिच्या तोंडून फुटेना. ओठ निळसर झाले होते.

"फवारा कुठाय?" रोझालीन ओरडली.

जर्मेनचा हात खणावर थांबला. "दिला तर तो तिला नेईल गं."

"आणि नाही दिला तर?"

जर्मेनने खण ओढला. नातीच्या तोंडाला फवारा लावताना तिची नजर पेटीवरच होती. आता आवाज येणार, आता येणार. पेटी गप्पच राहिली. हळूहळू पोरीचे खांदे खाली आले. दोघींनी तिला तशीच दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनीही आधी घरातल्या एसीचंच विचारलं.

परत आल्यावर रोझालीनने खिडक्या लावून पंखा सुरू केला. गुडगुड! जर्मेनने तिचा दंड घट्ट धरला. पंखा बंद केला, आवाज बंद. मग पंखा लावून खिडकी उघडली. तरी आवाज नाही.

"पंखा घरातली हवा बाहेर फेकतो," रोझालीन म्हणाली. "घर बंद असलं की हवा येणार कुठून? एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी आहे ना, तिच्यातून ती आत घुसते. नळीतल्या पाण्यातून येताना गुडगुडते."

वीज बंद करून त्यांनी झाकण उघडलं. जाळीवर गोधडीसारखी धूळ बसली होती. मागे काळी बुरशी होती आणि नळीचं तोंड शेवाळी चिकट्याने अर्धवट तुंबलं होतं, म्हणून पाणी पेटीच्या कडेवरून ओघळत होतं. हीच घाण रात्रंदिवस नोएमीच्या तोंडावर फुंकली जात होती.

जर्मेनने नळीच्या तोंडाला बोट लावलं. "म्हणजे तो इथे नाहीये."

"नाही गं."

"मला वाटलं होतं, आहे," म्हणत ती हमसून हमसून रडली.

पुढच्या रविवारी गर्दी पुन्हा जमली. मादामनी जुडी पेटवली, पण पंख्याच्या बटणावर हात जर्मेनचा होता. तिने बटण दाबलं, आल्सिद बोलला. बंद केलं, गप्प झाला. खिडकी उघडून पुन्हा दाबलं. चिडीचूप.

"आता बोलवा त्याला," ती म्हणाली.

"तो रुसलाय," मादाम म्हणाल्या.

रोझालीनने त्यांच्या हातातला रुमाल अलगद काढून म्हाताऱ्या तेलेस्फोरला दिला. पेटीचं पाणी अजून त्याला लागलंही नव्हतं. म्हाताऱ्याने कोपरा चाखला आणि तोंड वाकडं केलं. "आधीच मिठात बुडवून आणलाय की, बाई!"

अविश्वासाने आत्मे दुखावतात, असं काहीसं पुटपुटत मादाम निघून गेल्या. लोक मात्र हलेनात. जर्मेन त्यांच्याकडे वळून बोलली.

"जाळी आता मी पंधरा दिवसांनी धुते, आणि आतली सफाई दरवर्षी करून घेणार आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. आपल्यातलं एकही घर असं नाही, ज्यातलं कुणी समुद्राने नेलं नाही. म्हणून ही माणसं आपल्याकडे येतात. भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली. पण आवाज आला तर तो कुठून येतो हे आधी बघा. आणि लेकराचं औषध बंद करा म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. आल्सिदने माझ्या नातीला नेलं नसतं. मीच तिला घालवून बसले असते."