येते म्हणून गेलेली

खुर्ची पाण्यात उभी होती. निळी, प्लास्टिकची, एका पायाला तार गुंडाळलेली. पाणी तिच्या बसायच्या जागेपर्यंत आलं होतं. वडनेरच्या घरातल्या पुढच्या खोलीत एवढं पाणी कुठून आलं, हे कोणी विचारत नव्हतं. आई त्याच पाण्यातून कपबशी घेऊन चालत आली आणि म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला व. तुई खुर्ची कवाची रिकामी आहे."

आचल जागी झाली ती अंगाच्या खाजेनं. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. भाव येईस्तोवर तो असाच राहणार आणि घरची माणसं त्याच्या कडेकडेनं जगणार. दुपारी त्यावर अंग टाकलं की झोपही पांढरीच येते. तळ लागत नाही. उठल्यावर थोडा वेळ कळत नाही, आपण कोणत्या गावात आहोत.

रस्त्यावरून गल्लीतल्या आनंदाबाईची हाक आली, "सपनाची माय, हायेस का घरात?"

"हाव, ये ना," आई आतून म्हणाली.

आचल लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या गावांत, तिनं चार महिने लहान लेकरांचं रक्त गोळा केलं होतं. किती लेकरांना सिकल, म्हणजे रक्तातल्या पेशींचा जन्मजात आजार, आहे, हे एका इंग्लंडच्या विद्यापीठाला मोजायचं होतं. व्हिसा संपला, ती घरी आली. आता काम होतं डेटा साफ करायचं. साफ करायचं म्हणजे लेकरांची नावं काढून टाकायची आणि आकडे ठेवायचे. याला साफ करणं म्हणतात. घाण कोणती होती मग? नावं?

तिकडेही कापूसच. पांबा म्हणतात त्याला. पहिल्या दिवशी एका बाईनं आचलला विचारलं होतं, "तू म्हिंदी ना? तुझं दुकान कुठं आहे?" हिंदुस्थानी माणूस म्हणजे दुकान, असा तिथला हिशेब. आचलनं मोडक्या स्वाहिलीत सांगितलं, दुकान नाही, पांबा आहे, तुझ्यासारखाच. बाई इतकी हसली की कडेवरचं पोर दचकलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात आचलसाठी निळी खुर्ची ठेवलेली असायची.

त्या बाईला सगळे मामा कुल्वा म्हणत.

आचलनं घरी हे सांगितलं तेव्हा तिचा भाऊ पियुष हसून हसून लाल झाला होता. "बाईले मामा? मंग मामाले काय मामी म्हनतात का बे तिकडं?"

"मामा म्हणजे आई. कुल्वाची आई."

तिकडे जुळी झाली की पहिल्याचं नाव कुल्वा, दुसऱ्याचं डोटो. कुल्वा मागच्या वर्षी गेला होता. हातपाय सुजले, हाडं दुखली, आठ दिवस रडला आणि गेला. तरी गाव तिला अजून मामा कुल्वाच म्हणत होतं. डोटो कडेवर होता, डोळे पिवळसर, आणि हाक मात्र गेलेल्याच्या नावानं. डोटोचं रक्त आचलनंच काढलं होतं. मामा कुल्वानं त्याचा दंड धरून ठेवला होता आणि विचारलं होतं, "रक्तात काय आहे ते मला सांगशील?"

"सांगीन," आचल म्हणाली होती.

निघायच्या दिवशी जीप हॉर्न मारत होती. मामा कुल्वा दारात. खुर्चीशेजारी पेजेचा कप झाकून ठेवलेला. आचलला भरून आलं. मायभाषेत जे तोंडातून निघालं असतं तेच तिनं स्वाहिलीत म्हटलं. "नाकुजा."

येते.

आता त्या 'येते'चे निरोप फोनवर येत होते. शेजारणीच्या मोबाईलवरून, छोटे छोटे आवाजी निरोप, मागे पाण्याचा आणि कोंबड्यांचा आवाज. पहिला होता, "पेज थंड झाली." आचलला वाटलं, माया. मग आला, "तू म्हणालीस येते." मग, "कीती कीपो." खुर्ची आहे. नुसतं तेवढंच. खुर्ची आहे.

न राहवून तिनं रेहेमाला फोन केला. रेहेमा तिथलीच नर्स, चार महिने तिच्यासोबत फिरलेली. रेहेमा ऐकून मोठ्यानं हसली.

"तू निघताना नाकुजा म्हणालीस? अगं, नाकुजा म्हणजे ही आत्ता गेले आणि ही आले. विहिरीवर जाताना म्हणतात तसं. विमानात बसायला जाताना कोण म्हणतं येते? तुमच्याकडे काय वेडी माणसं राहतात का?"

"आमच्याकडे सगळेच म्हणतात."

"मग तुमच्याकडे दारात खुर्च्यांचा ढीग असेल."

रेहेमा तरी जाऊन मामा कुल्वाला समजावून सांगेल का? पण तिचा करार संपला होता. ती दूर दुसऱ्या शहरात होती, दुसऱ्या प्रोजेक्टवर. "सिकल संपलं आता," ती म्हणाली, "आता मी दम्याची आहे."

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचे निकाल आचलच्या पडद्यावर आले. आकडेच सगळे. पण त्या गावात जुळ्यातलं एकटं उरलेलं पोर एकच होतं. डोटोला सिकल होता. अर्धा नाही, पूर्ण. ज्याला रोजची गोळी लागते, ताप आला तर सकाळची वाट बघता येत नाही, तो.

तिनं धनंजय सरांना व्हिडिओ कॉल लावला. सर नागपूरचे, कित्येक वर्षांपासून इंग्लंडात. अजून तर्रीपोह्याची आठवण काढतात आणि आफ्रिकेतल्या गावांविषयी परिषदांतून बोलतात. त्यांच्या मागच्या भिंतीवर एका काळ्या लेकराचा हसरा फोटो. लेकराचं नाव भिंतीवर नव्हतं. साफ केलेलं असणार.

"एकेकट्याचे रिझल्ट आपण देत नाही, आचल. परवानगीत ते नाही."

"मग कधी देणार, सर?"

"फेज टू. तिथल्या दवाखान्यामार्फत. फंडिंग आलं की."

"डोटोला ताप आला तर त्याला सांगू का, फेज टूपर्यंत थांब म्हणून?"

सरांनी चष्मा काढला. "मला वाईट वाटत नाही असं समजतेस का? नियम उगीच नसतात. आपण लोकांना लिहून दिलंय, माहिती गुप्त राहील."

"त्याच्या आईपासूनच?"

कापसाच्या ढिगातून एक बोंड घरंगळत खाली आलं. सर म्हणाले, "तू डॉक्टर नाहीस. पेपरवर तुझं नाव आहे, पीएचडीसाठी पत्र मी देणार आहे. त्या कुटुंबाशी परस्पर बोललीस तर मला तुझं नाव काढावं लागेल. नीट विचार कर, बाळा."

बाळा म्हणाले. धमकी द्यायची आणि वर बाळा म्हणायचं, हे शिकायला इंग्लंडला जावं लागत नाही, ते आपण इथूनच घेऊन जातो.

त्या दुपारी ती पुन्हा कापसावर पडली. या वेळी सरोवर हायवेपलीकडून आलं. तुरीच्या रांगा बुडाल्या, पऱ्हाटीची बोंडं पाण्यावर तरंगायला लागली, आणि जवळ गेल्यावर दिसलं की ती बोंडं नव्हती. काठावर वाळत घालतात त्या चांदीसारख्या बारीक मासोळ्या होत्या. त्यांच्यामधून एक लहान पोरगी चालत येत होती. फ्रॉक घातलेली, गुडघे सुजलेले. आचलनं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. पोरगी खुर्चीजवळ आली, पण बसली नाही. म्हणाली, "ही खुर्ची माई नाई. ही त्या डोटोची आहे."

डोळे उघडले तेव्हा आई शेजारी बसून कापसातला काडीकचरा वेचत होती.

"आई, आपण जाताना येते काऊन म्हणतो?"

"मंग काय जाते म्हनावं? मसनात चालली का?"

"पण म्हणणारा प्रत्येक जण येतो थोडाच."

आईचे हात थांबले. ती फार बोलणारी बाई नव्हती. कापसाकडेच बघत ती बोलली.

"सपना गेली तवा चार वर्साची होती. दुखते वो आई, दुखते वो आई, करून करून गेली. कोनी म्हने नजर, कोनी म्हने हवा लागली. कोनाले काई मालूम नाई. मंग तू झाली, मंग पियुष झाला. तो रांगत होता तवा रक्त घेनारे आलते. जीप घेऊन. अंगनवाडीत साऱ्या लेकराइचं रक्त घेतलं. पोरी होत्या त्याच्यात, तुयासारख्या शिकलेल्या. जातानी साऱ्याच म्हनल्या, येतो मावशी. कोनी आलं नाई."

"माहीत आहे, आई. तेच तर..."

"आयक ना. एक आली. एकटी. यष्टीनं. आंगनात उभी राहून म्हने, मावशी, मले कोनी पाठवलं नाई, मीच आली, तुमच्या पोराले सिकल आहे. मी तिले लय शिव्या देल्या. तुई आत्या लग्नाची होती तवा, घरात रोग आहे म्हनून गावात झालं असतं तर? तिनं पानी मांगतलं. मी देल्लं नाई."

बाहेर हायवेवर ट्रक जात होते, दुरून तोही पाण्याचाच आवाज वाटत होता.

"पन तिनं सांगतलं ते समदं केलं मी. मुकाट्यानं. गोयी, पानी, ताप आला का दवाखाना. म्हनून तो पोट्टा आज मोबाईलाची दुकान करून राह्यला हिंगनघाटले."

"तिचं नाव काय होतं?"

"नाव इचारलंच नाई व," आई म्हणाली आणि पुन्हा कचरा वेचायला लागली.

आचलनं वेळ लावला नाही. वेळ लावला असता तर ती शहाणी झाली असती. रविवार होता, पियुष घरी होता. तिनं फोन कापसाच्या गाठोड्याला टेकवून उभा केला आणि शेजारणीच्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला.

पडदा आधी नुसता उजेड होता. मग पाणी दिसलं, मग तार गुंडाळलेला पाय, मग मामा कुल्वाचा चेहरा.

"खुर्ची आहे," ती म्हणाली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

आचलची स्वाहिली तुटकीच होती. तीच तिनं पुढे केली. "डोटोचं रक्त. मी सांगते म्हणाले होते. आजार आहे. कुल्वाचा होता तोच. नाव सेलीमुंडू."

मामा कुल्वाला शब्द समजला नाही. आचलनं पुन्हा म्हटलं. पलीकडे कोणीतरी काहीतरी विचारलं. मुंडू म्हणजे विळा, एवढं आचलला माहीत होतं. ती आईकडे वळली, "आई, विळा आण." आईनं काऊन विचारलं नाही. सैपाकघरातून विळा आणला आणि पडद्यासमोर धरला. आचलनं त्याच्या वाकावरून बोट फिरवलं. रक्तातले गोल दाणे असे होतात, असे अडकतात, म्हणून दुखतं.

मामा कुल्वा विळ्याकडे बघत राहिली. तिच्याही दारात तसाच एक टांगलेला होता. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. मग ती काहीतरी फार जोरात बोलली. इतक्या वेगानं की आचलला एवढंच कळलं. तीन महिने. तुला तीन महिने लागले. मला वाटलं तुम्ही ते रक्त पिऊन टाकलं.

"शिव्या देऊन राह्यली का?" आईनं विचारलं.

"हो."

"देऊ दे. आयक."

आचल ऐकत राहिली. सगळं ऐकलं. मग तिनं पियुषचा दंड धरून त्याला पडद्यात ओढलं. "माझा भाऊ. त्यालाही मुंडू आहे. बघ. मोठा आहे."

"नमस्कार मामा," पियुष म्हणाला, आणि एवढ्यात आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, "हास ना बे, दिसू दे तिले जित्ता आहे म्हनून." पियुष हसला. मामा कुल्वा पडद्याच्या इतकी जवळ आली की तिचा एक डोळाच दिसायला लागला. त्या डोळ्यानं तिनं पियुषचा गळा, खांदे, हात, सगळं बघून घेतलं, बाजारात बैल बघतात तसं.

गोळीचं नाव आचलनं तीनदा सांगितलं. ताप आला की थांबायचं नाही. पाणी पाजत राहायचं. बोटीनं पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, तिथं मुंडू म्हणायचं, ते ओळखतात. शेजारीण सगळं पुन्हा म्हणून दाखवत होती.

मग मामा कुल्वा आईकडे बघून काही बोलली.

"काय म्हनते?"

"तुझं नाव विचारते."

आईनं पदर सारखा केला. पडद्याकडे तोंड करून, समोरच्याला मराठी येतंच अशा थाटात ती म्हणाली, "सपनाची माय."

आचलनं भाषांतर केलं. मामा सपना. पलीकडे मामा कुल्वानं ते नाव एकदा म्हणून पाहिलं, आणि काही विचारलं नाही. जिला पहिल्याच्या नावानं हाक मारतात तिला विचारावं लागत नाही.

फोनवर पट्टी उमटली. धनंजय सर कॉल करत होते. पुन्हा बजावायचं असेल, किंवा नुसताच डेटा विचारायचा असेल. आचलनं पट्टी बोटानं वर सारली. नाव काढायचं तर काढा म्हणावं. नावं काढण्यात आपण सगळेच तयार झालोय.

मामा कुल्वानं मोबाईल खुर्चीवर टेकवून ठेवला. ती उभी राहिली. पडद्यात तिचं कमरेला गुंडाळलेलं कापड दिसलं, मग तेही सरकलं. जाता जाता ती म्हणाली, "नाकुजा."

आणि गेली. पडद्यावर उरलं सरोवर. वाळूवर पांढऱ्या मासोळ्या पसरलेल्या, त्यांच्यावर ऊन, आणि पुढे पाणीच पाणी, हालणारं.

पियुष म्हणाला, "झालं का? ठेव ना मंग फोन. बॅटरी संपते."

"काय म्हनली ते जातानी?" आईनं विचारलं.

"येते म्हणाली."

"मंग गप बसा," आई म्हणाली. विळा मांडीवर ठेवून ती कापसाच्या ढिगाला टेकली. "येऊ दे तिले."

तिघंही पाण्याकडे बघत बसली. बऱ्याच वेळानं पडद्याबाहेरून एका लहान लेकराची कुरकुर ऐकू आली. झोपेतून उठवल्यावर करतात तशी. जवळ येत होती.