बायकोचा परिचय

"टाय सैल कर जरा, गळा आवळल्यासारखा दिसतोयस," असं म्हणत बायकोने स्वतःच पुढे होऊन गाठ सोडवली. "सन्मान माझा, आणि घाम तुला फुटलाय!"

इतिहासाचे सर हसले नाहीत. आरशातल्या तिच्याकडे त्यांनी चोरून पाहिलं. ही बाई आज व्यासपीठावर बसणार आणि आपण तिच्याबद्दल चांगलं बोलायचं, या विचाराने ते सकाळपासून धुसफुसत होते.

दोघंही हा सन्मान देणाऱ्या कॉलेजचेच विद्यार्थी. कॉलेज इतकं लहान की कोणाला सर्दी झाली तरी जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळायचं. सरांचं तेव्हाचं टोपणनाव 'माइक', कारण एकदा हातात आला की ते तो सोडायचे नाहीत. वादविवादाच्या ढाली, मासिकाचं संपादन, नाटकातला नायक, सगळं त्यांच्याकडे. ती मात्र 'मुकी'. मागच्या बाकावर बसून वहीच्या कडेला गवताची पाती काढायची. "हा माइक कुठल्या कुठे जाणार बघा," असं प्राध्यापक म्हणायचे. माइक गेला तो त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, शिक्षकांच्या खोलीत. मुकी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर गवतं काढत राहिली. मग त्या चित्रांचं पुस्तक झालं, ते परक्या भाषांत गेलं, आणि परगावची माणसं फोन करून विचारू लागली, "बाई आहेत का घरात?"

सरांनी हेही सोसलं असतं. पण कॉलेजचा माजी विद्यार्थी सन्मान! त्याला उत्तर द्यायचं भाषण त्यांनी कित्येक वर्षं न्हाणीघरात पाठ केलं होतं. यंदा निवड समितीची बैठक संपवून प्राचार्यबाई हसतच बाहेर आल्या. "सर, अभिनंदन!" सरांनी हात पुढे केला. "बाईंचं नाव एकमताने ठरलं. आणि परिचय तुम्हीच करून द्यायचा. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" पुढे केलेला हात मागे घेता येईना. प्राचार्यबाईंनी तो आनंदाने हलवला.

सभागृह भरलं होतं. सरांनी माइक हातात घेतला आणि पहिल्या वाक्यालाच मुलं हसली. हशा त्यांच्या अंगात भिनला. बायको इतिहासात कशी गटांगळ्या खायची, त्यांच्या टिपणांवर झुडपं काढून ती कशी परत करायची, हे त्यांनी रंगवून सांगितलं. तीही हसत होती. इथे थांबायला हवं होतं. पण समोरच्या रांगेतल्या सगळ्या नजरा हळूहळू तिच्याकडे वळताहेत, असं त्यांना दिसलं आणि जीभ सुटली.

"दुसऱ्या वर्षी ही कॉलेज सोडून निघाली होती," ते म्हणाले. "बॅग भरून फाटकापर्यंत गेली. मी मागे धावलो. म्हटलं, जा की, पण आज नको, परवा जा. परवा उजाडल्यावर पुन्हा म्हटलं, परवा जा. ही राहिली. आज जी इथे बसली आहे ती त्या 'परवा'मुळे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतून गेलं होतं. कारण फाटकापर्यंत गेले होते ते सर. एका मोठ्या स्पर्धेत ऐन भाषणात ते गप्प झाले होते, लोक हसले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅग भरली होती. धावत आली होती ती मुकी.

ती बोलायला उठली तेव्हा सरांनी दाराकडे पाहिलं. चारचौघांत आता अब्रू जाणार.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "पण ती परवाची गोष्ट खरी आहे. एक जण निघालं होतं आणि दुसऱ्याने थांबवलं. असं कुणी भेटलं तर माणूस तरतो. आभारी आहे." आणि ती खाली बसली.

लोकांना तिचा विनय दिसला. सरांना तिने कसं झाकलं ते कळलं, आणि त्याचाही त्यांना राग आला. इथेही तीच मोठी!

कार्यक्रमानंतर ते कोणाशी न बोलता व्हरांड्यात गेले. पहिल्या वर्षाची एक मुलगी खांबाआड उभी होती. पायाशी बॅग.

"सर, एक विचारू?" तिचा आवाज चिरकत होता. "मी आत्ताच्या गाडीने घरी चाललेय. कायमची. तुमची गोष्ट ऐकली म्हणून थांबले. परवा जा म्हणालात, ते कळलं. पण मधल्या दिवसांत काय बोललात? त्यांना राहावंसं कसं वाटलं?"

सरांनी तोंड उघडलं. शब्दांना तोटा कधीच नव्हता. आत्ताही चार छान वाक्यं तयार होती. पण मुलगी त्यांच्याकडे अशी बघत होती की त्यातलं एकही बाहेर पडेना.

"चल," ते म्हणाले आणि तिची बॅग उचलून आत निघाले.

बायकोभोवती घोळका होता. त्यांनी वाट काढली. "हिला आज घरी जायचंय," ते बायकोला म्हणाले. मग मुलीकडे वळून, माइक हातात नसतानाच्या हलक्या आवाजात, "मघाशी मी उलटं सांगितलं. बॅग भरून निघालो होतो तो मी. थांबवलं हिने. काय बोलायचं ते हिलाच ठाऊक."

बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मुलीचा हात धरून ती बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली.

सर दारातच राहिले. चार शब्दांवर पाचवा न बोलणारी बायको आता सलग बोलत होती. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. मध्येच ती डोळे पुसून हसली. ते बोलणं जगात फक्त आपल्यासाठी झालं होतं, असं सर इतकी वर्षं धरून चालले होते. सन्मान तिला मिळाला तेव्हा झोंबलं नव्हतं इतकं आत्ता झोंबलं.

"सर! फोटो राहिलाय," प्राचार्यबाई मागून आल्या. "बाई कुठे आहेत? बोलवा ना त्यांना."

"थांबा जरा," सर म्हणाले. "ती कामात आहे."

आणि बाहेर कोणी जाऊ नये म्हणून ते पायऱ्यांकडे पाठ करून दार अडवून उभे राहिले. हातात मुलीची बॅग तशीच होती.