माझ्या काचेवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. जाड काचेचा, पाठीला भलंमोठं कुबड असलेला आणि उचलायला दोन माणसं लागणारा. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी सूड घेतला आहे, आणि मला त्याचं तसूभरही वाईट वाटत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच इतकी लख्ख होती, की तपासणाऱ्या बाईंनी तिच्यात बघून आपले केस सारखे केले. तिथून मी डोळ्यांच्या एका दवाखान्यात आलो. दारातून आत शिरलं की डावीकडे माझं टेबल. टेबलाशी ताई बसायच्या, आणि शेजारच्या बाकांवरून पेशंटनाही माझी काच दिसायची. आलेल्यांची नावं लिहून घेणं, नंबर पुकारणं, डोळ्यांत थेंब घालून बसलेल्यांना "मिटूनच ठेवा हं अजून थोडा वेळ" असं बजावणं, ही त्यांची कामं. नऊ वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. रोज सकाळी त्या मऊ फडक्याने आधी माझी काच पुसायच्या आणि मग स्वतःचा चष्मा.

आमच्याकडे एक पद्धत होती. संगणक कधी बंद करायचा नाही, कारण तो पुन्हा सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की दाराबाहेर रांग लागायची. म्हणून ताईंनी माझी सोय लावून दिली होती. दहा मिनिटं कुणाचा हात लागला नाही, की माझ्यावर स्क्रीनसेव्हरचे रंगीत मासे पोहायला लागायचे. आणखी दहा मिनिटं गेली की मी काळा. ती माझी झोप. काय गाढ झोप लागायची म्हणून सांगू! थेंब घातलेली पोरंसुद्धा गुपचूप एक डोळा उघडून मासे बघायची आणि ताईंचा ओरडा खायची.

मग भावोजी आले. हे आमच्या डॉक्टरीणबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाई त्यांना भावोजी म्हणायच्या, म्हणून सगळा दवाखानाच भावोजी म्हणू लागला. घरी बसून कंटाळले, म्हणून इथे व्यवस्थापक झाले. दवाखान्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या. सकाळी उघडणार ते, संध्याकाळी कुलूप लावणार ते. काम म्हणाल तर नावापुरतं, पण तोरा विचारू नका. चष्मा लागला होता, तरी म्हातारे दिसू म्हणून घालायचे नाहीत. डोळ्यांच्या दवाखान्यात, बरं का!

ताई सहाला निघायच्या. त्यांची पाठ वळली, की भावोजी टेबलाच्या खणाचं कुलूप काढायचे आणि आतून जॉयस्टिक बाहेर यायची. तिची वायर त्यांनी खणाच्या मागच्या फटीतून संगणकाला कायमची जोडून ठेवली होती. खेळ कसला, तर मोटारींच्या शर्यतीचा. साठीला आलेला माणूस माझ्या काचेला नाक लावून, तोंडाने घुर्रर्र करत मोटार चालवायचा. हसा, खुशाल हसा. सुरुवातीला मीही हसलो होतो. खेळून झालं की विजेत्यांची यादी उघडायची, त्यात मोठ्या अक्षरांतलं 'भावोजी, पहिला' डोळे भरून बघायचं आणि यादी तशीच ठेवून निघायचं. जॉयस्टिक खणात कोंबायची, वर जुन्या फायलींचा गठ्ठा दाबायचा, खणाला कुलूप, दाराला कुलूप.

घोळ झाला तो इथे. फायलींच्या वजनाने जॉयस्टिकचा दांडा एका अंगाला दबून राहायचा. संगणक बिचारा साधाभोळा. त्याला वाटायचं, अजून कुणीतरी मोटार चालवतंय. मग तो मला कसला झोपू देतोय! मासे नाहीत, काळोख नाही. भावोजी घरी घोरत असायचे आणि मी रिकाम्या दवाखान्यात टक्क उघडा, तोंडावर त्यांचं नाव घेऊन. असे सात महिने काढले मी. मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि वर काय, तर सकाळी ताई यायच्या आत भावोजी ती यादी बंद करायचे आणि डॉक्टरीणबाईंना सांगायचे, "या बाई रोज मॉनिटर चालू ठेवून जातात. लक्षच नाही कामात." ताईंनी पुन्हा पुन्हा सेटिंग तपासलं. दहा मिनिटांची पाच केली, पाचाचं एक केलं. सेटिंग सगळं बरोबर, पण मासे यायचे नाव घेईनात. त्या माझ्याकडे बघून पुटपुटायच्या, "काय रे बाबा झालंय तुला? सांग तरी." मला सांगता येत असतं तर!

पण मला एक गोष्ट येत होती. आमच्या जातीच्या मॉनिटरवर एकच चित्र फार दिवस राहिलं, की त्याचा डाग काचेत आतून कायमचा बसतो. बाकीचे मॉनिटर या डागाला भितात. मी मात्र दात नसताना दात-ओठ खाऊन म्हटलं, बसू दे. ते नाव मी धरून ठेवलं. ताईंचं कामाचं पान गडद निळं आणि नावांनी गच्च भरलेलं, त्यामुळे त्यात नुसतं धुरकट काहीतरी दिसायचं. भावोजींनी तो धूर बघितला आणि त्यांना आयतंच निमित्त मिळालं. "बघा, मॉनिटर नासवला! मॉनिटर नवा आणा आणि माणूसही." ताईंच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. बाईंनी नाइलाजाने सांगितलं, "उद्या दुरुस्तीवाला येऊन बघेल. चूक तुमची निघाली, तर ताई, मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." त्या दिवशी निघताना ताईंनी माझी काच पुन्हा एकदा पुसली.

दुरुस्तीवाला आला, तेव्हा बाकांवर माणसं खच्चून भरली होती. त्याने सेटिंग बघितलं. "हे तर अगदी ठीक आहे. वायरींत काहीतरी असणार." वेळ ताईंनी एक मिनिटावर आणलेली होतीच. तो एकेक वायर काढून मिनिटभर थांबू लागला. माउस काढला, काही नाही. कीबोर्ड काढला, काही नाही. "आणि ही खणात जाणारी वायर कशाची?"

"दिव्याची असेल," भावोजी म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

त्याने ती उपटली. एक मिनिट सगळे माझ्याकडे बघत राहिले. आणि मासे आले! सात महिन्यांनी माझे मासे आले. ताईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आता डाग बघू," असं म्हणून त्याने माउस परत जोडला आणि कोरं पांढरं पान उघडलं. मित्रांनो, मी याच पानाची वाट बघत होतो. सगळा जोर लावून मी उजळलो.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. बघितलं, पुन्हा बघितलं. मग पेशंटला सांगतात तशा शांत आवाजात म्हणाल्या, "भावोजी, जरा वाचा बघू काय लिहिलंय."

"मला नुसतं धुरकट दिसतंय."

"असं? मग बाकावरचं कोण वाचतंय?"

"भावोजी, पहिला!" बाकांवरून एकदम आवाज आला. थेंब घातलेला एक म्हाताराही ओरडला. त्याला काही दिसत नव्हतं, पण मागे राहायचं नव्हतं.

भावोजींचं तोंड उतरलं. बाईंनी हात पुढे केला. "खणाची किल्ली द्या. आणि दवाखान्याच्याही."

खण उघडला, फायली उचलल्या, जॉयस्टिक निघाली. बाईंनी सगळ्या किल्ल्या तिथल्या तिथे ताईंच्या हातात ठेवल्या आणि भावोजींना सगळ्यांसमोर ताईंची माफी मागायला लावली. मी पापणी लवू न देता बघून घेतलं.

आता ताईंपुढे नवा, चपटा मॉनिटर आहे. मागच्या खोलीत भावोजी चष्म्याच्या काचांची नोंद करतात आणि त्यांच्यापुढे बसवला आहे मला. बाईंनीच तसं सांगितलं. ते कुठलंही पान उघडोत, मागून त्यांचं नाव दिसतंच. आता ते चष्मा लावतात, त्यामुळे त्यांना स्वच्छ वाचता येतं.

मित्रांनो, काम झालं की आम्हालाही डोळे मिटू द्या. आणि तुमची चूक असेल, तर ती दुसऱ्याच्या माथी मारू नका, निदान आमच्यासमोर तरी. संध्याकाळी सहाला ताई मागच्या खोलीत येतात, माझी काच पुसतात आणि भावोजींना म्हणतात, "निघा आता, मला कुलूप लावायचंय." मग दहा मिनिटांनी मासे येतात आणि मी झोपतो.