आठवं नाव

"ओठ पुढे काढा, चहावर फुंकर घालताना काढतो तसे," माहिनूरने फळ्यावरच्या नव्या अक्षरावर छडी ठेवली. "आता ओठ तसेच ठेवून 'ई' म्हणा."

"या वयात असे ओठ काढलेले नवऱ्याने पाहिले तर घराबाहेर काढील मला," गाफिया म्हणाली. सगळ्या बायका खिदळल्या. मागच्या बाकावरची शमसेबानू तेवढी हसली नाही. ती माहिनूरची आई.

तिला गाव अबिस्ताय म्हणे. मुलींना वाचायला शिकवणाऱ्या बाईचा तातार गावात हाच मान. उजवीकडून डावीकडे जाणारी जुनी अक्षरं तिने कितीतरी पोरींना शिकवली होती. पुढे सरकारने लॅटिन अक्षरं आणली, तीही ती शिकली. गेल्या वर्षी रशियन अक्षरं आली, ती तर तिने आठवड्याभरात वर्तमानपत्रावरून उचलली. आणि अशा बाईचं नाव निरक्षरांच्या यादीत! लिहिलं कुणी, तर पोटच्या पोरीने.

आठ नावं भरली नाहीत तर वर्ग बंद होणार होता आणि माहिनूरची बदली नदीपलीकडे कुठेतरी. सात मिळाली. आठवं लिहिताना तिने मनाची समजूत घातली, कागदावरच तर आहे. आईला भीतभीत सांगितलं, तर आई एवढंच म्हणाली, "किती वाजता यायचं?" त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

दार ढकलून जिल्ह्याचा तपासनीस आत आला. जाड लोकरी नमद्याच्या बुटांवरचं बर्फ झटकत त्याने यादी मागितली, बाकांवरून नजर फिरवली आणि नेमकं मागे बोट दाखवलं.

"त्या आजी. हे वाचा बरं."

फळ्यावर 'ताङ' लिहिलं होतं, म्हणजे पहाट. माहिनूरने आईकडे पाहिलं. आई घडाघडा वाचणार आणि खोटी यादी उघडी पडणार. नोकरी तर जाईलच, वर चौकशी.

शमसेबानू उठली. जागेवरूनच एकेका अक्षराकडे बोट करत चाचरली. "त... ता... तान."

"तान नाही आजी, ताङ. आवाज नाकातून यायला हवा."

"नाही हो जमत, साहेब. म्हातारी जीभ."

माहिनूरने मान खाली घातली. हाच आवाज आईने तिला चार वर्षांची असताना शिकवला होता. आई तिचं नाक चिमटीत धरायची. आवाज तिथेच अडला की म्हणायची, "आता बरोबर आला." आणि आता ती भर वर्गात तोच चुकवत होती. गाफियाने मागे वळून पाहिलं. तिलाही जुनी अक्षरं अबिस्तायनेच शिकवली होती; नवी येत नाहीत म्हणून ती निरक्षरांत धरली होती. ती पुन्हा फळ्याकडे वळली.

"शिकतील हळूहळू," तपासनीस म्हणाला. "सही येते?"

"नाही."

त्याने तिच्या अंगठ्याला शाई फासली आणि यादीत आठव्या नावापुढे दाबला. आपण आत्ता तोंड उघडायला हवं, हे माहिनूरला कळत होतं. तिने खडू उचलला, फळ्यावरचा शब्द पुसला आणि तोच पुन्हा लिहिला.

घरी आल्यावर तिने चहाच्या पाण्याचा सामोवार पेटवला. आईने अंगठा राखेने घासला, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. शाई निघेना.

"आई, मी उद्या जाऊन सांगते त्यांना."

"काय सांगशील? आणि तुला नदीपलीकडे धाडलं, तर मी बोलू कुणाशी?" आईने पिठाच्या पेटीच्या तळातून फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. जुन्या अक्षरांतलं, तिच्या आईचं, आता घरात सापडलं तर धोक्याचं. रोज चहाआधी एक पान वाचायचं, हा तिचा नेम. हात स्वच्छ नसतील तर पुस्तकाला लावायचे नाहीत, हेही तिनेच सगळ्या पोरींना शिकवलेलं.

पुस्तक तिने फडक्यानेच धरून चौरंगावर ठेवलं आणि हात मागे घेतले.

"आज पान तू उलट, पोरी. तुझे हात स्वच्छ आहेत."

माहिनूर हात धुवायला उठली. धुतले, पुसले, आणि पुन्हा धुवायला लागली. आई पुस्तकासमोर वाट पाहत बसली होती.