सतरावी गाठ

भामाला सासरी पाठवताना आईनं एकच युक्ती दिली होती. काम विसरायचं नसेल तर पदराला गाठ मार, काम झालं की सोड. आणि लुगडं बदलशील तेव्हा आधी जुन्या पदरातल्या गाठी नव्या पदरात उतरव, मगच जुनं धुवायला टाक.

काचीगुड्याच्या त्या दोन खोल्यांत भामा चौदा वर्षं रोज सकाळी गाठी उतरवत आली. ही सासऱ्यांच्या मोडलेल्या चष्म्याची, ही नणंदेच्या अस्तराची, ही नवऱ्याच्या बुटांची, ही गॅसच्या नंबराची. कुणी हाक मारली की एक गाठ. पदर असा जड झाला होता की चालताना पोटरीवर आपटायचा.

अगदी टोकाला एक बारकी गाठ तिची स्वतःची होती. ती तिला नेहमी शेवटी मोजायची, म्हणून ती सतरावी. अकरा महिने ती रोज एका पदरातून दुसऱ्या पदरात जात होती. मोगऱ्याची कळी रोज माळावी आणि ती कधी उमलूच नये, तशी.

ती गाठ होती टेलिफोन बूथच्या अर्जाची. स्टेशन दोन गल्ल्यांवर. गाडीतून उतरलेली माणसं फोन शोधत त्यांच्या खिडकीसमोरून जायची. वर्ष त्र्याण्णव. नाक्यानाक्यावर पिवळ्या पाट्या लागत होत्या. त्या खिडकीत आपला फोन, आपली खुर्ची, एवढंच तिच्या मनात होतं. अर्ज भरून झाला होता, सहीसुद्धा केली होती, कोठीच्या टेलिफोन कचेरीत नेऊन द्यायचा तेवढा राहिला होता. तो पडून होता पेटीत, शालूच्या घडीखाली.

त्या दुपारी वरच्या मजल्यावरची पद्मावती जिन्यावरूनच ओरडली, "भामक्का! आज आखरी तारीख है. चार बजे खिडकी बंद. परसों परसों करते साल हो गया तुमारा!"

"जातेय गं."

"जातेय नक्को बोलो. जाओ!"

भामानं अर्ज काढला, पिशवीत घातला. वेणी घातली. चप्पल शोधताना वाजली, तेवढ्यानं घर जागं झालं.

"सूनबाई, कोठीला निघालात का?" सासरे, हिम्मतराव, खाटेवरून म्हणाले. "जाताच आहात तर माझा चष्मा..."

"वहिनी, जातेच आहेस तर सुलतान बाजारातून अस्तर. आकाशी. मागच्या वेळी निळं आणलंस," मीना म्हणाली.

दुकानातून जेवायला घरी आलेला विकास हात पुसत म्हणाला, "भामे, जातीस तर माझे बूट पण घेऊन ये मोच्याकडून. रस्त्यातच तर आहे."

जातेच आहेस तर. या तीन शब्दांनी भामा याआधी तीनदा कोठीहून तशीच परतली होती. सगळ्यांची कामं आटोपून पोचेपर्यंत खिडकी बंद झालेली असायची. आणि खरं सांगायचं तर, बंद खिडकी पाहून तिला आतून हायसं वाटायचं. न दिलेला अर्ज कुणी नामंजूर करत नाही. घरच्यांच्या कामांची तिला अडचण होती, तसा आडोसाही होता.

सवयीनं तिची बोटं पदराकडे गेली. चष्म्याची गाठ होतीच, अस्तराची होतीच, पण आकाशी रंगाची नवी मारायला पदरात जागा उरली नव्हती. बोटं चाचपत टोकाशी आली आणि जागा करायला तिथली बारकी गाठ सोडू लागली.

अर्धी सुटल्यावर तिच्या लक्षात आलं.

काम न होताच सुटत होती. तिच्याच हातानं.

ती आत गेली, कडी लावली. बाहेर आली ती दुसरी साडी नेसून, कोरा पदर घेऊन. त्याच्या टोकाला एकच गाठ होती, करकचून मारलेली. जुनी साडी तिनं मधल्या खोलीतल्या दोरीवर टाकली. गाठींनी ती पिकल्या चिंचेसारखी लोंबू लागली.

"हे काय?" विकासनं विचारलं.

"तुमच्या गाठी. सोळा आहेत. ज्यानं त्यानं आपली ओळखायची, काम करायचं आणि सोडायची."

"ओळखू कशी येणार?" मीना.

"मी चौदा वर्षं ओळखल्या. तुम्ही एक दिवस बघा."

"अन् आमचा चष्मा?"

"मामा, चष्मेवाला ह्यांच्या दुकानासमोरच बसतो."

"बाई अशी निघून गेली तर घर चालायचं कसं?" विकासचा आवाज चढला.

"चालेल की. सहा पाय आहेत घराला. माझे दोन मी नेते."

सुलतान बाजारात पाय तरीही अडखळले. आकाशी अस्तर दारातच टांगलेलं. दोन मिनिटांचं तर काम. हात पदराकडे गेला, कोरा पदर हाताला लागला, आणि ती पुढे झाली. चालता चालता ओठांवर आपोआप आलं,

*साऱ्यांच्या गं गाठी, माझ्या पदराचं ओझं*
*सोळा वाटून दिल्या, एक राहू दे गं माझं*

कोठीतल्या खिडकीशी पोचली तेव्हा चारला दहा कमी होते. आतल्या माणसानं अर्ज उलटसुलट केला.

"बूथ चलाते कौन? साब?"

"मैं."

"अंग्रेजी आती?"

"थोडी. तेलुगू भी थोडी. उर्दू इतनी आती, आपसे झगड सकती."

तो हसला आणि त्यानं शिक्का मारला. मंजुरीचं दोन महिन्यांनी कळेल, म्हणाला. नाही आली तर? भामानं मनाशीच उत्तर दिलं, नाही आली तर पुन्हा गाठ मारीन. पोचपावती हातात घेऊन ती भिंतीशी उभी राहिली आणि गाठ सोडू लागली. बोटांनी सुटेना, इतकी आवळलेली. शेवटी तिनं चारचौघांत दातांनी सोडली.

घरी आली तेव्हा हिम्मतराव साडी मांडीवर घेऊन बसले होते, नाकावर नवी दांडी लावलेला चष्मा. विकास अजून दुकानातून यायचा होता, पण जाण्याआधी मोच्याकडून आणून ठेवलेले त्याचे बूट दाराशी होते, शिवलेले.

"दोन सुटल्या," हिम्मतराव म्हणाले. "बाकीच्या फार घट्ट आहेत, सूनबाई."

"हौ मामा. घट्टच होत्या."

ती खिडकीशी गेली. खिडकीच्या फळीवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, रिकामे डबे, फुटकी कुंडी.

"वहिनी, आत्ताच आलीस. आवरू की उद्या," मीना म्हणाली. "फोन काय लगेच येतोय?"

"आत्ता," भामा म्हणाली आणि पहिला गठ्ठा तिच्या हातात दिला.