राहून गेलेलं ऑइल

इंजिन फिरवायचं हँडल तसूभरही हललं नाही. मेस्त्रींनी पाय रोवून दोन्ही हातांनी जोर लावला, मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि शेवटी बॉनेटवरच कपाळ टेकवलं. इंजिन जाम झालं होतं.

"होईल ना चालू?" गॅरेजच्या दारातून वकीलवहिनींनी विचारलं. वकील जाऊन तीन महिने झाले होते. घर रिकामं करून त्या लेकीकडे राहायला निघाल्या होत्या. गाडी चालू झाली तर जावई नेणार, नाहीतर सोमवारी भंगारवाला.

"बघतो," मेस्त्री म्हणाले.

चौदा वर्षांपूर्वी वकिलांची नजर अधू झाली, तेव्हा ही गाडी नीट बंद करून ठेवायचं काम मेस्त्रींनीच घेतलं होतं. टाकी रिकामी केली, इंजिनाचे प्लग उघडले. आता आत ऑइल सोडायचं, म्हणजे गंज धरत नाही. एवढ्यात बायकोला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. प्लग कसेबसे बसवून मेस्त्री धावत सुटले. ऑइल राहून गेलं. लक्षात आलं आठवड्यानं, आणि तेव्हा सांगायला तोंड नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्षं निघून गेली. एरवी आपल्या हाताबद्दल बढाया मारणारा हा माणूस वकिलांच्या गल्लीतून जाताना मात्र मान खाली घालायचा.

आता त्यांनी प्लग काढून आत ऑइल सोडलं, तीन दिवस मुरू दिलं. कार्बोरेटर धुतला, नवी बॅटरी बसवली. रविवारी सकाळी हँडल हातात घेतलं आणि आधी बोलून टाकलं.

"वहिनी, हे इंजिन गेलं असेल तर माझ्यामुळे. तेव्हा मी ऑइल टाकायला विसरलो होतो."

"माहीत आहे की."

मेस्त्री हँडल हातात तसंच धरून वळले.

"तुमचा ऑइलचा डबा इथंच राहिला, भरलेला. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच ओतलं. शर्टाचं वाटोळं केलं ते वेगळं. मग दर रविवारी हँडल दोनदा फिरवायचे. अंथरूण धरलं तेव्हापासून राहिलं ते. दीड वर्ष झालं."

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

"मी म्हटलं होतं, सांगा त्यांना. तर म्हणाले, त्याची बायको आजारी, तू ऑइल काय घेऊन बसलीस."

मेस्त्रींच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि वकिलांचा रागही आला. भल्या माणसा, एक शब्द टाकला असतास तर चौदा वर्षं तुझ्याकडे चहाला आलो असतो.

हँडल अडलं, कुरकुरलं आणि फिरलं. त्यांनी प्लग बसवले, पेट्रोल दिलं. चौथ्या झटक्याला इंजिन खोकलं, त्यानं भरपूर धूर ओकला आणि मग ते शहाण्यासारखं चालू लागलं.

वहिनी येऊन आपल्या नेहमीच्या सीटवर बसल्या. मेस्त्री हात पुसत बाहेरच उभे.

"बसा की."

"त्यांच्या जागेवर?"

"मग काय, मी चालवू?"

सीट उंचपुऱ्या वकिलांच्या मापानं मागे सरकवलेली होती. मेस्त्रींचे पाय पुरेनात. त्यांनी सीट पुढे ओढली नाही; तिच्या कडेवर सरकून बसले आणि क्लच दाबला.