जाताना चौघं

कस्तुराबाईंनी कृष्णराजचा पांढरा शर्ट गाडीच्या खिडकीतून योगीराजच्या अंगावर टाकला.

"घाल. आन् तुझा डिकीत ठेव. बेंबळी आली, पोरीचं गाव."

योगीराजनं बाभळीच्या आडोशाला जाऊन शर्ट बदलला. कापड इतकं मऊ होतं की अंगावर काही आहे असं वाटेना. तो परत आला तेव्हा बलभीमअण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ध्यानात ठेव. आत तू डायवर न्हाईस. माझा पुतण्या हाईस, कृष्णराज."

"व्हय, अण्णा."

"सारखं व्हय अण्णा म्हणू नको. पुतण्या असं म्हणत न्हाय."

"व्हय, अण्णा."

नवरदेव दिग्विजय खो खो हसला. कस्तुराबाई हसल्या नाहीत.

मुरुमहून निघायचं होतं ते अण्णा, कस्तुराबाई, त्यांचा मुलगा दिग्विजय आणि पुतण्या कृष्णराज अशा चौघांनी. ड्रायव्हरला माणसांत मोजत नसत. ऐन निघताना कृष्णराज पोट धरून ओसरीवरच आडवा झाला, त्याला उमरग्याला दवाखान्यात धाडावं लागलं, आणि उरले तिघं. मुलगी बघायला तिघांनी जायचं नसतं, हा कस्तुराबाईंचा कायदा. मागं एकदा असंच एक माणूस गळालं, तर त्यांनी समोरच्या किराणावाल्याला गल्ल्यावरून उठवून नेलं होतं. योगीराजनं ते पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. म्हणूनच आज सकाळी त्यानं कृष्णराजच्या चहात जमालगोटा कालवला होता, जनावरांच्या औषधातला.

कुणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात नव्हतं. त्याला फक्त आत बसायचं होतं. दर स्थळाच्या वेळी तो बाहेर गाडीत थांबे, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर कागदी डिशमधून गार पोहे त्याच्याकडं येत. घरीही तेच. सोनेरी काठाच्या कपांचा ट्रे रोज त्याच्याच हातात देत, पण त्याचा स्वतःचा कप बाहेरच्या कोनाड्यात असे, कान तुटलेला. कृष्णराजचं पोट बिघडेल, दिवसभर परसाकडं पळेल, एवढीच त्याची अटकळ होती. याचा परिणाम काय होतो हे त्यानं मोबाईलवर शोधलंही होतं, पण चहा देऊन झाल्यावर. तिथं लिहिलं होतं की माणूस दगावू शकतो.

मुलीचे वडील अमरनाथराव दारातच सामोरे आले. योगीराज सवयीनं अण्णांच्या चपला उचलून नीट ठेवायला वाकला. दिग्विजयनं त्याची कॉलर धरून त्याला सरळ केलं.

"लई आदर करतो चुलत्याचा," दिग्विजय म्हणाला.

"संस्कार," अमरनाथराव म्हणाले. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

सोफ्यावर बसताना योगीराज इतका आत रुतला की त्याचे पाय उचलले गेले. मग पोहे आले. काचेची बशी, वर खोबरं, शेंगदाणे, लिंबाची फोड, आणि खरोखरच वाफ. त्यानं पहिला घास घेतला. तो चावत असतानाच अण्णांचा फोन वाजला. अण्णांना कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असे.

"अण्णा, कृष्णराज बेशुद्ध पडलाय!"

खोलीतली सगळी माणसं योगीराजकडं बघू लागली. त्याच्या हातातला चमचा तोंडाच्या वाटेवर थांबला.

"डॉक्टर म्हणतेत, कायतरी विषारी पोटात गेलंय. सलाईन लावलंय..."

अण्णांनी घाबरून फोन बंद केला. अमरनाथरावांनी योगीराजकडं बोट केलं, मग फोनकडं केलं.

"हे कृष्णराज... मग ते?"

"आमचा वळू," कस्तुराबाई शांतपणे म्हणाल्या. "देवणी जातीचा. ह्याचा लाडका, म्हणून ह्याचंच नाव ठेवलंय."

"वळूला सलाईन?"

"घरातल्यासारखा हाय आम्हाला."

अमरनाथराव हळहळले. त्यांच्या घरीही जनावरं होती.

"कुणीतरी चारलं असंल वो. लोकांना बघवत न्हाय दुसऱ्याचं."

"चारलंच असंल," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या योगीराजच्या बशीकडं बघत होत्या. "घरातल्याच कुणीतरी. परक्याच्या हातचं तो तोंडात घेत न्हाय."

योगीराजच्या घशात पोहे अडकले. त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. अमरनाथरावांनी उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मुक्या जनावरासाठी रडतंय बघा पोरगं. असल्या घरात पोरगी द्यायला काय हरकत?"

मुलगी, राजेश्वरी, बाहेर आली, प्रश्न झाले, हळदी-कुंकू झालं. योगीराजला त्यातलं काहीच नंतर आठवेना. कृष्णराज मेला तर पोलीस येणार, कप बघणार, ट्रे कुणी नेला ते विचारणार, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तरी त्यानं बशी चाटूनपुसून रिकामी केली. ते कसं झालं हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

परतीच्या वाटेवर, लोहाऱ्याच्या अलीकडं, फोन पुन्हा वाजला. कृष्णराज शुद्धीवर आला होता. थोडंच पोटात गेलं म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणत होते.

"पांडुरंगा," अण्णांनी हात जोडले.

योगीराजच्या छातीवरचं ओझं उतरलं. एकदम हसू येतंय असं वाटून त्यानं ओठ चावला.

"अर्धाच कप पिला हुता त्यानं," मागून कस्तुराबाई म्हणाल्या.

त्यानं आरशात पाहिलं. चहाचं नाव दवाखान्यातून कुणी काढलंच नव्हतं.

"योगीराज, गाडी बाजूला घे. त्या लिंबाखाली."

आजवर त्या त्याला योग्या म्हणत आल्या होत्या. त्यानं गाडी थांबवली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही अंगांना तुरीचं रान होतं. कस्तुराबाई उतरल्या, त्यांनी त्यालाही उतरवलं आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. सोनेरी काठाचा कप. मग स्टीलची एक छोटी बरणी काढली आणि तिच्यातला चहा कपात ओतला. वरची सायही कपात पडली.

"घे. सकाळचाच हाय. गार असंल."

योगीराजनं कप घेतला. काठ ओठांना कसा लागत असेल, याचा त्यानं किती वेळा विचार केला होता. सायीला जमालगोट्याचा भरडा चिकटला होता.

"आक्का, म्या..."

"कपात बघितलं तवाच कळलं मला," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण तिघांनी जायचं नसतं."

गाडीचं पुढचं दार उघडलं. दिग्विजय ड्रायव्हरच्या जागेवर येऊन बसला आणि त्यानं सीट आपल्या उंचीप्रमाणं मागं सरकवली. अण्णा समोर रस्त्याकडं बघत होते.

"पी की," कस्तुराबाई म्हणाल्या. "येताना तिघं असली तर चालतंय."